भुशाचा उतार

मुर्रीच्या नीतू रहांगडालेचा हिशेब गावाने केव्हाच मांडून टाकला होता. बर्फावरचे हिवाळे अकरा, राष्ट्रीय स्पर्धा नऊ, गुडघे दोन, त्यातला चालू एक. पदकाच्या रकान्यात काही नाही. सगळ्यांत वरचा नंबर चौथा, आणि त्या दिवशी उतरलेल्या पोरी सहा. तरी सत्काराला बोलावणं यायचंच; शाल द्यायला गोंदिया जिल्ह्यात दुसरी स्कीवाली कुठून आणणार?

आता ती गुलाबचंद शेठच्या राइस मिलमध्ये पोत्यांची नोंद ठेवी. मिलच्या मागे धानाच्या भुशाचा ढीग, पंचवीस फूट उंच. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात नीतूने बर्फ पाहिला, घरी येताना टाकून दिलेल्या स्की उचलून आणल्या, आणि बर्फ नव्हता म्हणून ती याच भुशावर घसरायला शिकली. भुसा गुळगुळीत, पण आतून पोकळ. पुढे झुकलं की टोक रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून टाचांवर भार द्यायचा, मागे रेलून बसायचं. तिच्या अंगात ते मुरलं आणि पुढे तिने तेच शिकवलं. सात पोरी आल्या, सहा गेल्या. उरली धनवंताबाईची पोरगी रुची, सोळा वर्षांची, सांगेल ते मुकाट्याने करणारी.

"भुसा खिलाके बरफ थुंकवणार का पोरीला?" शेठ चिडवायचे. नीतू हसायची. मनात मात्र एकच होतं: ही निवडली गेली, की आपली अकरा वर्षं कुणाच्या तरी कामी आली असं म्हणता येईल. नाहीतर नाहीच.

जानेवारीत रुची काश्मीरला निवडचाचणीला गेली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ आला. बावीस सेकंद. उतारावर वळणांसाठी रोवलेल्या तिसऱ्या दांड्याशी स्की पुढे पळाल्या, पोरगी मागे राहिली आणि पाठीवर पडून कडेच्या जाळीपर्यंत घरंगळत गेली.

नीतूने तो पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिने दांडे पाहिले नाहीत, फक्त पोरीचं बसणं पाहिलं. स्वतःला उतरताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या काळात तिचा व्हिडिओ काढतंय कोण? आज रुचीच्या बसण्यात तिला ती स्वतःच दिसली. खुर्ची मागे सरकतेय हे न कळलेल्या बाईसारखी.

डबा तसाच ठेवून तिने फोन लावला.

"दीदी, पाहिला?" रुचीचा आवाज बसलेला. "माझीच चूक झाली. घाबरली मी."

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. घाबरण्याला कुणी गुरूचं नाव लावत नाही.

"तुझी नाई," नीतू म्हणाली. "मागं बसायले मीच शिकवलं. बर्फावर पुढं झुका लागते. मलेही सारे कोच तेच ओरडत. मले वाटे, मी पुढंच तं आहो."

"मालूम आहे, दीदी. इथले सर तीन दिवसांपासून सांगून राहिले."

"मंग काऊन नाई ऐकली?"

"एक डाव ऐकली. मस्त उतरली. पण मंग वाटलं, दीदी अख्ख्या देशात चौथी आली ते असंच बसून. त्यायले का तुझ्यापेक्षा जास्त समजते?"

त्या दिवशी पोरी सहाच होत्या, हे नीतूने रुचीला कधी सांगितलं नव्हतं.

"निवड तं गेली," रुची म्हणाली. "पण मी आली का आपण ढिगावर पुढं झुकून करू. तू दाखवजो."

"ते मले येत नाई, रुची."

पलीकडे पोरगी हसली. दीदी मजाक करून राहिली, असंच तिला वाटलं.