पलीकडची गाडी

इकडच्या भाषेतली घोषणा झाली, दुसऱ्या भाषेतल्या घोषणेसाठी बाईंनी श्वास घेतला आणि तेवढ्यात स्टँडच्या साहेबांनी माईकवर हात ठेवला.

"बाई, पुरे. आजपासून एवढंच."

"अहो, पण त्यांना कोण सांगणार?" बाईंनी काचेबाहेर बोट दाखवलं. फलाटावर नदीपलीकडची माणसं बसली होती. बहुतेक सगळी इकडच्या मोठ्या दवाखान्यात आलेली.

"विचारतील कुणाला तरी. वरून आलंय, माझ्या हातात काय आहे?" साहेब निवृत्तीला टेकलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "तिकडच्या सरकारने आपल्या भाषेच्या शाळा बंद केल्या. मग आपल्या विधानसभेने इथं त्यांच्या भाषेवर बंदी आणली. दिल्याघेतल्याचा हिशेब आहे सगळा."

नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. देश एक, झेंडा एक, नोटासुद्धा त्याच. पुलावरून चालत जायला शेंगा खाऊन होईपर्यंतचा वेळ लागायचा. पण गेल्या निवडणुकीपासून तो पूल दरवर्षी थोडाथोडा लांबत चालल्यासारखा वाटत होता. देशाच्या राजधानीने हा राज्यांचा प्रश्न आहे म्हणून हात झटकले होते.

बाईंना स्टँडवर सगळे घोषणाबाई म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हा दुसरी भाषा त्या नुसत्या पाठ करून बोलायच्या. एकदा पलीकडच्या गाडीचा एक तरुण ड्रायव्हर खिडकीशी आला आणि हसू दाबत म्हणाला, "बाई, तुम्ही रोज सांगता की गाडी सुटणार आहे. आमच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, गाडी मरणार आहे. माझे प्रवासी घाबरतात हो." बाई लाजेने लाल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो रोज एक शब्द सुधारून देऊ लागला, आणि शब्द संपायच्या आत दोघांनी लग्न केलं. तो इकडेच राहायला आला. अजूनही गल्लीत त्याला ड्रायव्हरच म्हणत. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी तो स्टँडवरच्या टपरीत चहा घेत बसायचा. बायकोचा आवाज दोन्ही भाषांत ऐकून झाला की उठायचा.

त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर उठून घरी गेला.

जेवताना मुलाने विषय काढला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत शिक्षक, आणि निवडून आलेल्या पक्षाचा गल्लीतला कार्यकर्ता.

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. लोकांनीच ठरवलंय हे. मतदान झालं ना रीतसर?"

"मग मी लोकांत येत नाही वाटतं?"

"येतेस गं. पण जास्त मतं ज्यांना, त्यांचं चालणार. लोकशाही म्हणजे दुसरं काय असतं?"

"जास्त मतं पडली म्हणून उरलेल्यांना मुकं करायचं, हे कुठं लिहिलंय?"

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, हे तुमच्याबद्दल नाहीये."

ड्रायव्हरने हातातला घास ताटात ठेवला. "मग कुणाबद्दल आहे? मला एक माणूस दाखव, ज्याच्याबद्दल हे आहे."

मुलगा भात कालवत राहिला.

"मी तुझ्या पक्षालाच मत दिलं," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "तू बूथवर उभा होतास. म्हणालास, बाबा, आपल्या गल्लीत पाणी येईल. पाणी आलं. खोटं कशाला बोलू?"

मुलाने मान खाली घातली.

पंधरवडा गेला असेल. पलीकडे इकडच्या लोकांच्या काही दुकानांची मोडतोड झाली आणि इकडे पोरांची टोळकी चौकात जमायला लागली. त्या दुपारी साहेब धापा टाकत बाईंच्या खोलीत आले.

"बाई, जमाव इकडेच येतोय. पलीकडची गाडी मागच्या फाटकातून काढतोय. नंतर पूल बंद. पटकन सांगून टाका."

बाईंनी इकडच्या भाषेत सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पलीकडची माणसं जागची हलली नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक म्हातारी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. म्हातारा कर्ण्याकडे बघत होता, मग आजूबाजूच्यांच्या तोंडाकडे. ज्यांना समजलं होतं ते आपापलं सामान उचलून चालू लागले. कुणी त्याला सांगितलं नाही. सगळेच काही वाईट नव्हते. पण त्याच्या भाषेत तोंड उघडायचं कुणाचं धाडस नव्हतं.

"मी जाऊन सांगते त्यांना," बाई उठल्या.

"वेड लागलंय का? दाराशी पोरं आलीत."

बाई परत बसल्या. माईक जवळ ओढला. साहेबांचा हात पुढे आला खरा, पण मध्येच थांबला. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाई त्या भाषेत बोलल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. गाडी मागच्या फाटकाशी उभी आहे. आजींना हाताला धरून न्या. घाबरू नका, ड्रायव्हर थांबेल.

फलाट एकदम उठला. म्हाताऱ्याने बायकोला सावरलं आणि कर्ण्याच्या दिशेने हात जोडले. दोघं लगबगीने मागे गेली. गाडी निघाल्याचा आवाज बाईंनी ऐकला, आणि त्यापाठोपाठ समोरची काच फुटली.

कपाळाला थोडं लागलं. डोळा थोडक्यात वाचला. दगड मारणारा पोरगा कोण ते कुणी पाहिलं नाही, निदान सगळ्यांनी तसंच सांगितलं. मुलगा संध्याकाळी मलमपट्टी करायला बसला.

"तू नव्हतास ना तिथं?" बाईंनी विचारलं.

"नव्हतो, आई. शपथ."

"बरं," बाई म्हणाल्या. खरं तर असा प्रश्न आपल्याला विचारावा लागला, याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

चौकशी झाली. साहेबांनी आपली बाजू सांभाळून का होईना, चार बरे शब्द घातले, म्हणून नोकरी वाचली. बाईंना सामान ठेवायच्या खोलीत बसवलं. घोषणांसाठी राज्याच्या राजधानीतून कुणा मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज आला. स्वच्छ, गोड, एकाच भाषेतला.

टपरीवाला ड्रायव्हरला अजून चहा द्यायचा, पण बसायला बाक द्यायचा नाही. "काका, उभ्यानेच घ्या. माझं दुकान आहे हो," म्हणायचा. पूल उघडला त्या आठवड्यात ड्रायव्हर म्हणाला, "पलीकडे ताईकडे जाऊन येतो. एकटीच असते."

"किती दिवस?"

"बघू."

"तिकडे तरी बरं वाटेल तुम्हाला?"

"तिकडे मला इकडचा म्हणतात," तो म्हणाला. "पण निदान चहा मागताना इकडेतिकडे बघावं लागत नाही." मग जरा थांबून, "तूही चल."

"तिथं मी कोण?"



निघायच्या दिवशी बाई खोलीला कुलूप लावून फलाटावर आल्या. मुलगा वडिलांची पेटी टपावर चढवून, पाया पडून, शाळेची वेळ झाली म्हणत निघून गेला. ड्रायव्हर खिडकीशी बसला होता. आयुष्यभर पुढे बसून गाडी हाकलेला माणूस, प्रवाशाच्या जागेवर अवघडल्यासारखा दिसत होता.

बाई त्याच्या भाषेत बोलायला लागल्या. गोळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत, ताईंना वेळेवर आठवण करून द्यायला सांगा. बाकावरची दोन माणसं वळून पाहायला लागली. बाईंचा आवाज खाली आला, आणखी खाली आला. गाडीचं इंजिन सुरू झालं.

ड्रायव्हरने कानाशी हात नेला. "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

बाईंनी त्या माणसांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि पाच बोटं जुळवून ओठांशी नेली. जेवत जा. हात उशीसारखा गालाखाली धरला. झोप घ्या.

त्याने समजल्याची मान हलवली. गाडी हलली. बाई हात तसाच गालाशी धरून उभ्या राहिल्या.