तांदळाच्या डब्यातला कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे. त्या संध्याकाळी माझ्या पिशवीत एक लेन्स होती, दोन बॅटऱ्या, एक कार्ड आणि तळाशी तांदळाचे सात दाणे. टिफनीचं त्या दाण्यांकडे लक्ष गेलं नाही. मी मात्र त्यांना विसरू शकत नव्हतो, कारण त्यांचा कोंडा माझ्या पोटात होता.

मित्रांनो, माझेही चांगले दिवस होते. टिफनी भौतिकशास्त्राची पदवीधर. शिकवण्या घेऊन तिने मला विकत आणलं. निर्मळ गावच्या केळीच्या वाड्यांतली केळफुलं, भावंडांचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे कपडे, सगळं मी टिपलं. शेजारी कौतुक करायचे. पुढे ती नोकरीला लागली आणि मी कपाटात गेलो. पावसाळ्यात मला बुरशी धरेल म्हणून तिची आई कॅथरिन हिने मला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. भिजलेला मोबाइल असाच वाचला होता. तिची माया खरी होती. पण लेन्स वेगळी काढलेली, माझं तोंड उघडं. पिठी आणि कोंडा आत शिरला.

यंदा फेब्रुवारीत जवळच्या मैदानावर फंक संगीताचा महोत्सव भरला. त्यात बेस गिटारच्या ठेक्यावर ट्रम्पेट हवाच. टिफनीचे वडील सॅन्टन लग्नाच्या बँडमधले जुने ट्रम्पेटवाले. शेजारच्या रायनने आपल्या बँडबरोबर एका गाण्यापुरतं त्यांना बोलावलं. पुढच्या सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. फुंकर ओठांपर्यंत येणारच नव्हती.

आणि ट्रम्पेट वाजवतानाचा त्यांचा चेहरा घरातल्या एकाही फोटोत नव्हता. वरातीत ते पुढे चालायचे, पण रंगात आले की वळून नवरा-नवरीकडे तोंड करून वाजवायचे. समोरून काढलेल्या फोटोत जोडपं यायचं आणि यांची पाठ. म्हणून त्या संध्याकाळी टिफनीने मला तांदळातून काढून पिशवीत घातलं.

"अंकल, उद्या पब्लिककडे बघून वाजवा," रायनने आदल्या दिवशी बजावलं होतं.

"मग एखादी नवरी उभी कर पुढे."

गाणं सुरू झालं. त्यांची पाळी आली आणि सवयीने ते वळले, ड्रमवाल्याकडे. टिफनीने बटण दाबलं. पाठ. पुन्हा दाबलं. पाठच. मग माझा शटरचा पडदा अडकला. तिने बॅटरी काढली, घातली, मला तळहातावर आपटलं. मी जिवाच्या आकांताने जोर लावला, पण पिठीत रुतलेली पाती हलेनात. मोबाइलवर त्या झगमगाटात नुसता पांढरा धब्बा येत होता. गाणं संपत आलं.

ती स्टेजच्या कडेला छाती टेकून ओरडली, "डॅडी, नवरी इकडे आहे."

तिच्या लग्नात वाजवायचं त्यांनी ती लहान असतानाच कबूल केलं होतं.

ते वळले. तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मित्रांनो, मी उघडलो. एकदाच. मिटलो तो कायमचा.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, पुसा, हाताळा. ओल शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तांदळात नको. आणि कुणाचा फोटो काढायचा राहिला असेल, तर त्यांना आजच समोर बसवा.

तो फोटो टिफनीने बारा इंच रुंद छापून घेतला आणि त्यावर मोजपट्टी लावली. चेहरा एक्केचाळीस मिलिमीटर. डोळे स्पष्ट, तिच्याकडे. ओठ आणि ट्रम्पेट जिथे टेकतात, तिथे कोंड्याचा काळा डाग आहे. त्याची रुंदी सहा मिलिमीटर.