वहिनीच्या अक्षरातलं कार्ड

आमच्या कोशाच्या कचेरीत एक नियम आहे: उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही. कानांवर पडलेलं वाक्य कार्डावर लिहायचं. कोण बोललं, कुठं, कधी, तेही खाली टाकायचं. पंधरा वर्षं मी हेच करतेय. शेजारच्या टेबलावर माझी वहिनी बसते. तिला इथं मीच चिकटवलं, हे ती विसरली असली तरी मी विसरलेले नाही.

'व' ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ अचानक आजारी पडले आणि त्यांचे शब्द माझ्या गळ्यात आले. मंगळवारी 'विद्रूप' आला. लहानपणी उकळतं तेल सांडून माझा डावा गाल पापणीसकट आक्रसला, तेव्हापासून लोक माझ्यासमोर हा शब्द गिळतात. त्या सौजन्याची मला चीड येते. मी भराभर अर्थ लिहिले: एक, रूप बिघडलेला, दोन, पाहणाऱ्याला विचित्र, परका वाटणारा. मग उदाहरणांसाठी खण उघडला. एक कार्ड पुलाबद्दल होतं, एक कुठल्याशा पुतळ्याबद्दल. तिसरं वहिनीच्या अक्षरात होतं.

"मुलाकडची माणसं आज पहिल्यांदा घरी येताहेत, समोर असा विद्रूप चेहरा कशाला?" वक्ता: नवरा. स्थळ: स्वयंपाकघर. तारीख परवाच्या रविवारची.

त्याच रविवारी दादानं मला मावशीकडे पिटाळलं होतं, तिला बरं नाही म्हणून. मावशी ठणठणीत होती. दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला बघायला मुलाकडचे पुढच्या महिन्यात येणार, असं मला सांगितलेलं. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. सासरची माणसं कशी आहेत, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वहिनीचा काही डाव नव्हता. कानावर पडलं, तिनं लिहिलं, खणात टाकलं. कामात ती चोख आहे.

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. "हे घेऊ?"

तिचं तोंड उतरलं. मला वाटलं रडेल, फाडून टाकेल, निदान सगळं दादावर ढकलेल. ती खोटं बोलली असती तरी मला चाललं असतं.

"ते पसंती देऊनच गेले, वन्सं," ती हळूच म्हणाली. "आम्ही तुम्हाला सांगणारच होतो."

"लग्नाला तरी येऊ ना मी?"

तिनं पेन्सिल उचलली, वाक्यातला 'असा' खोडला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"एवढं काढलं की कोशाच्या ओळीत बसेल," ती म्हणाली.