दोन वर्षांचा हार

"नवसामावशी, उद्या मोठा हार लागतोय," सुनील मोटरसायकलवरूनच म्हणाला. "झेंडू, मधी पांढरी शेवंती. मंडळाकडून भागूकाकूंचा सत्कार हाय."

"कसला?" नवसाबाईनं विचारलं. तिला माहीत होतं. कालपासून सगळ्या मखमलाबाद गावाला माहीत होतं.

"महेशला उडवणाऱ्याला दोन वर्षांची सजा लागली ना. दारू पिऊन गाडी चालवतात म्हंजे काय? सगळ्यांच्या स्टेटसला तेच हाय." मग गाडी वळवता वळवता तो म्हणाला, "तुमच्या गोरक्षच्या केसचं काय झालं व्हतं वो शेवटी?"

"झालं व्हतं," नवसाबाई म्हणाली आणि झेंडूची पाटी पुढं ओढली.

भागुबाईचा महेश द्वारका चौकात गाडीखाली गेला. नवसाबाईचा गोरक्ष त्याच्या आधी, पेठ रोडला. फुलं पोचवून घरी येत होता. त्याला उडवणाऱ्या पिकअपवाल्याकडं लायसन नव्हतं. कोर्टानं दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद दिली. "म्हंजे किती?" तिनं वकिलाला विचारलं होतं. "आजच्यापुरती, बाई." तो माणूस मागच्या बाकावर मोबाईल बघत बसला. ऊन उतरलं, तसा उठला, पायऱ्या उतरून निघून गेला. त्या दिवशी कुणाच्या स्टेटसला काही नव्हतं. गाव म्हणालं, चला, मिटलं एकदाचं.

महेशला दोन वर्षं. माझ्या गोरक्षला एक दुपार.

दोघं लहान होते तेव्हा जत्रेत भागुबाई महेशला शिट्टी घ्यायची. मग गोरक्षच्या डोळ्यांत पाणी नको म्हणून नवसाबाई तश्शीच शिट्टी घ्यायला गर्दीतून मागं फिरायची. आता कुठल्या दुकानात मागं फिरायचं?

तिनं सुई ओवली. फुलाच्या देठात सुई जाताना ओठांत आपसूक ओवी आली.

*सखीच्या अंगणात, चांदणं सांडलं*
*माझ्या गं दारी बाई, आभाळ कोंडलं*

"गातीस व्हय?" दारात भागुबाई उभी होती. रोजच्यासारखी आली, समोर बसली, तिनं दुसरी सुई उचलली. हाराचा एक पदर हिनं ओवायचा, एक तिनं, आणि खाली गोंड्यापाशी दोन्ही बांधायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत.

"तुझाच हाय," नवसाबाई म्हणाली. "सोताचा हार सोताच ओवतीस का?"

"मग काय करू? घरात पेढ्यांचा वास सुटलाय. बसवत नाय."

"पेढे मिळाले तर बसवत नाय. आम्हाला कुणी साखरेचा दाणा दिला नाय."

भागुबाईनं पुढचं फूल ओवलं. नवसाबाईला तेही सहन होईना.

"दोन वर्षं, भागू. माझ्या पोराचा जीव का एका दुपारचा व्हता?"

"नवसे, तो घरी हाय."

"कोण?"

"तोच. निकाल लागला त्याच सांजेला जामीन झाला. अपील करणार म्हनं. आमच्या आधी गाडीत बसून गेला." भागुबाईनं फूल उलटंसुलटं करून पाहिलं. "सुनीलला कसं सांगू? पोरं किती खूश झालीत. मलाबी एक रात वाटू दे म्हणलं, काहीतरी झालंय."

नवसाबाईची सुई थांबली. आत कुठंतरी बरं वाटलं, गार वाटलं, आणि त्या गारव्याची तिला लाज वाटली. मग ती लाजही गेली, कारण दुसरंच काही उसळून आलं.

"तरी तुझ्याकडं म्हणायला दोन वर्षं हायेत."

"हायेत. त्यातलं एक गोरक्षचं घे."

"वर्ष काय भाकर हाय, मोडून द्यायला?"

"मग मी तरी दोन एकटी काय करू?"

नवसाबाईनं तिच्या हातातला पदर ओढून पाहिला. "दोरा ढिला पडतोय तुझा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पारावर माइक लावला होता. "दोन वर्षं सक्तमजुरी!" सुनील म्हणाला, आणि टाळ्या कडाडल्या. हार घेऊन उभ्या नवसाबाईच्या जिभेवर एकच वाक्य होतं. तो घरी हाय. एवढं बोललं की टाळ्या थांबणार होत्या. तिनं भागुबाईकडं पाहिलं. भागुबाईला ते वाक्य दिसत होतं. तिनं मान खाली घातली, हार घालून घ्यायला घालावी तशी, किंवा मार खायला.

नवसाबाईनं हार घातला. वाक्य गिळलं.

"मावशी, जरा बाजूला व्हा," सुनीलनं मोबाईल वर धरला. "फोटोत येताय."

भागुबाईनं तिचं मनगट धरलं. "तिला येऊ दे फोटोत."

संध्याकाळी तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होता. खाली लिहिलं होतं, अखेर न्याय. नवसाबाईनं शेजारच्या पूजाच्या मोबाईलवर तो पाहिला. बोट लावून मोठा केला. आपलं तोंड पाहिलं, भागुबाईचा हात पाहिला, आणि मग बराच वेळ भागुबाईच्या गळ्याकडं बघत राहिली.

"छान आलाय ना हार?" पूजा म्हणाली.

"डावा पदर माझा हाय," नवसाबाई म्हणाली.