उलटा प्रोपेलर

"तुम्ही त्यांचे कोण?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"नवरा," मी म्हणालो. "का? भांडली का कुणाशी?"

फोन सीमेवरच्या कस्टमच्या गोदामातून होता. सीमेपलीकडच्या एका सुताराकडून आम्ही विमानाचा लाकडी प्रोपेलर मागवला होता आणि तो सोडवून आणायला बायको सकाळच्या बसने गेली होती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "काउंटरपाशी बोलता बोलता खाली बसल्या. डॉक्टर लगेच आले, पण उपयोग झाला नाही. कुणाला तरी सोबत घेऊन या."

माझ्या हातात सुई होती. मी आधी टाका पुरा केला, गाठ मारली आणि मग उठलो. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

मी शिंपी. ती तांत्रिक शाळेत वेल्डिंग शिकवायची. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात. हिने घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. नळ्यांचा सांगाडा तिने जोडला, त्यावर कापड चढवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे असले भाग कुणी बनवत नाही, म्हणून चाकं, तारा, प्रोपेलर, सगळं पलीकडून मागवायचं. गल्लीतले लोक विचारायचे, "काय, आज विमानतळ चालू का?"

पंख शिवायला दोन माणसं लागतात. पंख उभा करायचा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. लांब सुई मी इकडून घालायची, तिने पलीकडून ओढून परत द्यायची. मधे पंख असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, म्हणून आमची भांडणं तिथे फार छान व्हायची. मला उशीर झाला की पलीकडून आवाज यायचा, "अहो, झोपलात का?"

ती गेल्यावर प्रोपेलरची पेटी गोदामातच राहिली. काही दिवसांनी आमची मुलगीच म्हणाली, "चला बाबा, घेऊन येऊ." मुलगी नर्स आहे. गाडी तीच चालवत होती.

"तो प्रोपेलर भिंतीवर लावू या," ती म्हणाली. "पण विमानाचं मात्र पुरे आता."

"कप्तान तयार आहेत की." कप्तान म्हणजे आमच्या ओळखीचे निवृत्त वैमानिक. पहिल्यांदा तेच उडवणार, हे बायकोने कधीच ठरवून टाकलं होतं. ती मागच्या खुर्चीत बसणार होती.

"आणि मागे कोण बसणार? तुम्हाला तर शिडीवरसुद्धा चक्कर येते."



गोदामात फोनवरच्याच बाई भेटल्या. "या काका," म्हणाल्या आणि लांबट पेटी उघडून दिली. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की हाताला चांगल्या कापडासारखं लागत होतं. शिवणयंत्राच्या वरची भिंत मी मनात मोकळी करून ठेवली होती.

"सही कुठे करू?" मी विचारलं.

बाईंनी कागद पुढे केला नाही. "काका, एक सांगू? काकू हा घेणार नव्हत्या."

"म्हणजे?"

"त्यांनी पेटी उघडायला लावली, त्यावर हात फिरवला आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, हा उलटा कोरलाय. आमचं इंजिन जुन्या मोटारीचं, ते दुसऱ्या बाजूला फिरतं. हा लावला तर विमान पुढे जायचं सोडून मागे मागे घरात शिरेल. आम्ही सगळे हसलो. हा परत पाठवा म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या."

"म्हणजे भांडत नव्हती?"

"छे हो. हसत होत्या."

बाईंनी सांगितलं की एकदा बाहेर नेला की परत पाठवता यायचा नाही. इथूनच गेला तर सुतार बदलून द्यायला तयार आहे.

"बाबा, घरी नेऊ या," मुलगी हळूच म्हणाली. "आईचा शेवटचा हात लागलाय त्याला."

खरं होतं. मी पुन्हा त्यावर हात ठेवला. उलटी बाही लावलेला कोट मी कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणून तो तसाच खुंटीला टांगून ठेवणंही मला जमलं नसतं.

"परत पाठवा," मी म्हणालो.

परतीच्या वाटेत मुलगी म्हणाली, "मागे मागे घरात शिरेल म्हणाली?" आणि हसली. मग तिने गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघेही बराच वेळ तिथे बसून राहिलो.

पुढच्या सुट्टीला ती न बोलावता आली. मी शेडमध्ये होतो. सुई इकडून घालायची, पंखाला वळसा घालून पलीकडे जायचं, ओढायची, परत यायचं.

"हे काय? शतपावली चाललीय का?" तिने पर्स ठेवली आणि पंखाच्या पलीकडे गेली. सुई परत आली, जरा वाकडी आली, पण आली. मला डोळे पुसायला थोडा वेळ लागला.

"बाबा, झोपलात का?" पलीकडून आवाज आला.

सुताराचा फोन येऊन गेला. आपली भाषा त्याला मोडकीतोडकीच येते. "मॅडम बरोबर. मी चूक," एवढंच तो दोनदा म्हणाला. नवा कोरायला घेतला आहे.

डावा पंख झाला. उजवा अर्धा बाकी आहे. प्रोपेलर यायचा आहे. बायको बुटकी, तिला बाहेरचं नीट दिसावं म्हणून मागच्या खुर्चीची गादी मी जाड केली होती. काल मुलगी त्या खुर्चीत चढून बसली. "नुसतं बघतेय हं," म्हणाली, आणि तिचं डोकं वरच्या नळीला आपटलं.

गादी मी उसवून ठेवली आहे. नवं माप घ्यायचं राहिलं आहे.