चौथी शाल

कशेळीच्या महोत्सवात आजवर मला तीन शाली मिळाल्या, गायला मात्र एकदाही मिळालं नाही. मी धवले गाते, म्हणजे आमच्याकडे लग्नात हळदीला, मांडवात बायका म्हणतात ती गाणी. पण मी व्हीलचेअरवर असते, त्यामुळे माझ्या गळ्यापर्यंत कुणी पोहोचतच नाही. सगळे चाकांपाशीच गहिवरतात.

यंदा आयोजक केसरीनाथशेठना मी फोनवर बजावलं, "शाल नको. वीस मिनिटं द्या. अख्खा धवला गाणार."

"देऊ की, विनिताताई. तुमाला न्हाय कोन बोलेल?"

शेठची गोदामं आहेत. शब्दसुद्धा ते भाड्यानेच देतात, केव्हाही परत घेता येतो.

नारपोलीहून मी रिक्षाने एकटी आले. शेठ माझ्या मागे बघायला लागले. "सोबत कोन हाय?"

"पाण्याची बाटली."

"एकट्याच ऱ्हाता? मंग जेवन कोन करतं तुमचं?"

"मीच. तुमचं कोण करतं?"

शेठ काही हसले नाहीत.

रॅम्प नव्हता. दरवर्षी नसतो. चौघांनी न विचारता मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. निवेदक 'जिद्द' हा शब्द सात वेळा बोलला. शाल आली, मांडीवर नारळ आला, फोटो झाले. मग शेठनी माइक घेतला. "आता ताईंना जरा सांभालून खाली घ्या रे. डान्स ग्रुप तयार हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निवेदकाने लगेच तेही जाहीर केलं, "ताई भारावून गेल्यात!" भारावले कसली, अंगाचा तिळपापड झाला होता. मी खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले.

उचलायच्या आधी स्टेजच्या कडेला न्यायला चौघांनी ढकललं. खुर्ची हलेना. एकाने पाय ठेवायची पट्टी दाबून बघितली. दुसरा म्हणाला, "बॅटरी उतरली वाटतं." माझ्या खुर्चीला बॅटरीच नाही. चार वर्षं मला उचलतायत, पण ब्रेक कुठे असतो हे एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी शेठ स्वतः वाकून चाकं तपासू लागले, तसा त्यांच्या हातातला माइक मी काढून घेतला.

"खुर्चीला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले आणि धवला सुरू केला.

वीस मिनिटं गायले. डान्स ग्रुप कडेला चमचमत उभा राहिला. संपल्यावर सगळे उठून टाळ्या वाजवू लागले आणि निवेदकाने आठव्यांदा 'जिद्द' म्हटलं. पहिल्या रांगेत एकटी राहीबाई बसून होती. गावातली सगळ्यात जुनी धवले गाणारी बाई ती. हात मांडीवर, कपाळाला आठ्या.

"गो पोरी," ती तिथूनच ओरडली, "तिसरा कडवा खाल्लास!"

चार वर्षांत इथे माझ्या खुर्चीबद्दल न बोलता गाण्याबद्दल बोलणारं हे पहिलंच माणूस. मला भलताच आनंद झाला.

"खाल्लं खरं," मी म्हणाले. मांडीवरचा नारळ शेठच्या हातात दिला आणि तिसऱ्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं.