उत्पादन : कोरडी गल्ली

काकूंच्या शेताचे पाच तुकडे होते आणि त्यांतल्या चार तुकड्यांत नेमकं काय पिकतं, हे कालव्याच्या कचेरीला आजवर उमगलं नव्हतं. दोष सगळा कचेरीचा नव्हता. तळ्याकाठी उभं राहून कुणी विचारलं, "इथे काय घेता?" तर काकू सांगायच्या, "इथे पाणी थांबतं." विचारणारा पुढचं ऐकायला थांबायचा. काकूंचं मात्र बोलून झालेलं असायचं.

गेल्या वर्षीच्या तपासनिसाने या चारही तुकड्यांपुढे सरळ 'पडीक' लिहून टाकलं. नियम असा होता की शेताचा निदान तीन चतुर्थांश भाग उत्पादनाखाली असेल, तरच उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी मिळायची. काकूंचं शेत आठ एकर, म्हणजे सहा एकर भरायला हवे होते. भरले दोन. कचेरीने एक वर्षाची सवलत दिली आणि यंदा सहा भरले नाहीत तर पाळी कायमची बंद, असं कळवलं. पाळी बंद झाली की शेत महिन्याभरात माना टाकणार, हे काकूंना ठाऊक होतं. मग शहरात धाकट्या भावाकडे राहायला जाणं आलं. काकूंना करमावं म्हणून भावाने बाल्कनीत दोन कुंड्या आणूनही ठेवल्या होत्या.

तपासणीच्या नोटिशीत लिहिलं होतं : 'प्रत्येक तुकड्यावर तेथील उत्पादनाचा फलक लावावा. तपासनिसाने खात्री करून फलकावरील उत्पादन नोंदवावे. फलक नसल्यास तुकडा पडीक समजावा.' काकूंनी ती दोनदा वाचली आणि काम दर गुरुवारी शेतावर शिकायला येणाऱ्या सहावीच्या वर्गावर सोपवलं. रंग आणि ब्रश म्हटल्यावर मुलं एका पायावर तयार झाली. फक्त शिंप्याच्या नातीने विचारलं, उत्पादन म्हणजे काय.

मुलांना घाईघाईने उत्तर देणं काकूंना जमत नसे. त्यांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हा तुकडा नसता, तर कुणाला काय मिळालं नसतं? ते उत्पादन."

घोटाळा झाला तो इथेच. मुलं आपापसात तासभर भांडली, गावभर विचारून आली आणि पाट्या ठोकून घरी गेली. काकू त्या दिवशी तळ्यातला गाळ उपसत होत्या. दुसऱ्या दिवशी तपासनीस हजर झाला, त्यामुळे पाट्यांवर काय लिहिलंय ते दोघांनी एकदमच वाचलं.

तपासनीस नवा होता. कचेरीत त्याला फूटपट्टी म्हणत, आणि त्यालाही त्यात वावगं वाटत नसे. पाणी नको म्हणाला, बसायला नको म्हणाला आणि अंगणातल्या पहिल्या पाटीपुढे उभा राहिला. पाटीवर लिहिलं होतं : 'दुपारची बस'.

मुलांनी काहीतरी वेगळंच समजून घेतलंय, आपण घटकाभरात पाट्या बदलून देतो, असं काकूंनी सांगून पाहिलं.

"तपासणी सुरू झाली की फलकाला हात लावता येत नाही," तपासनीस म्हणाला. "बसचा काय संबंध?"

काकूंनी सांगितलं. या एका एकरात घर, गोठा आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या होत्या. शेतावर राहायला शहरातली माणसं येऊ लागली, शाळांच्या सहली येऊ लागल्या, तेव्हा चार वर्षं बंद पडलेली दुपारची बस पुन्हा सुरू झाली. तपासनिसाने खिशातून स्वतःचं तिकीट काढलं, त्यावरची वेळ वाचली, तिकीट परत ठेवलं आणि लिहिलं : दुपारची बस, एक नग. एक एकर.

भाजीच्या एकरावर (भाजी विकायला जात नसे, म्हणून गेल्या वर्षी तोही पडीक ठरला होता) पाटी होती 'आजोबांची झोप'. गावातले चार म्हातारे सकाळी इथे खुरपायला येत, त्यांतल्या एकाची सून तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. तिने सांगितलं की मामंजी आधी रात्रभर घरात येरझाऱ्या घालायचे, आता दहाच्या ठोक्याला आडवे होतात.

"किती तास?" तपासनिसाने विचारलं.

"सात. आणि घोरतात ते पण लिहा. ते आमच्या वाट्याला येतं."

"एका फलकावर एकच उत्पादन," तपासनीस म्हणाला आणि सात तास लिहिले.

तिसरा तुकडा दोन एकरांचा. गवत, रानफुलं आणि मधमाश्यांच्या बारा पेट्या. पाटी : 'शेजारची फळं'. शेजारचा बागवाला कुंपणापाशीच उभा होता. आपली फळं दुसऱ्याच्या शेताच्या नावावर लागतायत हे कळताच त्याचा चेहरा उतरला.

"माझी फळं माझ्या घामाची आहेत," तो म्हणाला. "माश्यांचा काय संबंध? उलट मला चावतात."

तपासनिसाची पेन्सिल 'प' लिहून थांबली. काकूंना धाकट्या भावाच्या कुंड्या दिसायला लागल्या. हे दोन एकर गेले तर पुढचा एक गुंठाही सुटून चालणार नव्हतं. पण आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्गात चुकलेल्या मुलाला पुन्हा मोजायला सांगावं तशा त्या म्हणाल्या, "चावतात का? मग पेट्या आजच पलीकडच्या टोकाला हलवते, भाऊ. तुम्हाला उगाच ताप नको."

बागवाल्याने आपल्या झाडांकडे पाहिलं. झाडं मोहरली होती.

"आजच कशाला?" तो म्हणाला. "मी आपलं बोललो. थोडाफार संबंध असेल."

"थोडाफार म्हणजे किती?" तपासनिसाने विचारलं.

बागवाल्याने कुंपणाची एक काटकी सरळ केली. "निम्मी," तो कुंपणाला उद्देशून म्हणाला.

तपासनिसाने 'प' खोडला आणि 'निम्मी फळे' लिहिलं.

चौथा तुकडा तळ्याचा, तोही दोन एकरांचा. पाटी : 'कोरडी गल्ली'. काकूंनी उतारावरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तपासनीस तिकडे चालू लागला, मागोमाग काकू. गल्लीतल्या पहिल्याच घरात शिंपी काज करत बसला होता. त्याच्या भिंतीवर पुराच्या जुन्या पाण्याची तपकिरी रेघ होती. तळं खणण्याआधी दर पावसाळ्यात पाणी तिथवर यायचं, शिंपी म्हणाला. शिलाई मशीन पलंगावर चढवायचं आणि आपण पाण्यात उभं राहायचं, कारण पलंग दोघांचं वजन पेलत नसे. आता पाणी वर तळ्यातच थांबतं. शिंप्याने स्वतःची टेप पुढे केली. तपासनिसाने ती घेतली नाही. आपली काढली, जमिनीपासून रेघेपर्यंत मोजलं आणि लिहिलं : कोरडी गल्ली, दोन फूट तीन इंच.

राहिला शेवटचा तुकडा, दोन एकर मका. यंदाचा मका असा जोमाने आला होता की तपासनिसाला तुरे बघायला मान वर करावी लागत होती. त्याने चारही बाजूंनी फेरी मारली. दोन ठिकाणी ताटं हाताने बाजूला सारून आतही डोकावला.

"फलक?" त्याने विचारलं.

फलक नव्हता. इथे पाटी कशाला, दिसतोय की मका, असं ठरवून मुलं पुढे गेली होती, हे काकूंना मागाहून कळलं.

"मका आहे," काकू म्हणाल्या.

"मला दिसतोय," तपासनीस म्हणाला आणि 'पडीक' लिहिलं. दोन एकर.

काकूंनी मनातल्या मनात बेरीज केली. एक आणि एक दोन, दोन चार, दोन सहा. खात्री व्हावी म्हणून उलटीकडूनही केली. मग त्यांनी मक्याविषयीचं पुढचं वाक्य गिळलं.

तपासनिसानेही बेरीज केली होती. "सहा भरले," तो म्हणाला. "बरोबर तीन चतुर्थांश. पाळी मंगळवारपासून." त्याने कागदावर काकूंची सही घेतली, पेन्सिल कानावर ठेवली आणि मोठा रस्ता जवळ कुठून पडतो ते विचारलं.

काकूंनी समोर हात केला. तपासनीस पडीक जमिनीत शिरला. तो दिसत नव्हता, पण बराच वेळ मक्याचे तुरे एका रेषेत हलत गेले.